उष्ट्याची खतावणी

प्रत्येक घराण्यात एक हिशेबी माणूस असतो. पेट्रोल भरलं की कप्प्यातली डायरी काढून किलोमीटर टिपणारा, गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिणारा, दूध नासलं तर त्या दिवसाच्या चौकटीत फुली मारणारा. घरात या माणसाची थट्टा होते आणि गॅस संपत आला की सगळे त्याच्याकडेच धावतात. पण या जातीत एक पोटजात आहे, आणि ती जरा अवघड आहे. ही माणसं काय आलं ते लिहीत नाहीत, काय खर्चलं तेही लिहीत नाहीत. काय टाकलं, ते लिहितात.

आमचे भाऊकाका या पोटजातीतले. नात्यानं माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. घर निगडीला आणि धंदा म्हणजे चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचं कंत्राट. तीन पाळ्या, हजारावर ताटं, आणि ताटं विसळायच्या मोरीशेजारी एक वजनकाटा. पाहुणा आला की इतर कंत्राटदार त्याला भटारखाना दाखवतात, घासून चकचकीत केलेली पातेली दाखवतात. काका त्याला थेट मोरीकडे नेतात. तिथं पत्र्याचे तीन मोठे डबे ओळीनं मांडलेले असतात. घरातली मुलं पाहुण्यांपुढे उभी करावीत तशी काका त्यांची ओळख करून देतात : हा कच्चा, हा उरलेला, हा उष्टा.

कच्चा म्हणजे निवडता-चिरताना निघालेलं : देठं, सालं, कोबीची वरची पानं, किडकी वांगी. उरलेला म्हणजे शिजलं, पण काउंटरवरून ताटात गेलंच नाही ते. उष्टा म्हणजे ताटात गेलं आणि पोटात गेलं नाही ते. या तिन्हींची एकत्र बेरीज करून कुणी “आज चाळीस किलो गेलं” असं म्हटलं की काकांच्या कपाळाला आठी पडते. पहिल्या डब्याचं भांडण भाजीवाल्याशी आणि विळीशी, दुसऱ्याचं अंदाजाशी, तिसऱ्याचं चवीशी नाहीतर डावाशी. “तिघांची भांडणं वेगळी. एकत्र वजन केलंत तर भांडायचं कुणाशी?”

काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे. खरेदी-विक्रीच्या काट्याला तो लागतो. खरकटं मोजायच्या काट्यालाही लागतो, असं कुठल्या कायद्यात म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तरी काका दरवर्षी काटा तपासून घेतात. शिक्का मारणाऱ्या माणसानं एकदा विचारलं, “यावर काय विकता?” काका म्हणाले, “काही नाही. जे विकता आलं नाही ते मोजतो.” नवा पोऱ्या कामाला लागला की त्याला कांदा चिरायच्या आधी धडा करायला शिकवतात : आधी रिकामा डबा ठेवायचा, त्याचं वजन वजा करायचं, मग भरलेला. आजकालच्या काट्याला त्यासाठी बटण असतं. काकांचा बटणावर विश्वास नाही. प्रत्येक डब्याच्या पोटावर त्याचं रिकामं वजन पांढऱ्या तेलरंगात लिहिलेलं आहे, आणि डब्याला पोचा पडला की काका ते पुन्हा पडताळून बघतात.

वही मात्र जुन्या वळणाची. लाल कापडी बांधणीची, लांबुडकी, अप्पा बळवंत चौकातून आणलेली. पहिल्या पानावर वर ‘श्री’, खाली डावीकडे ‘शुभ’, उजवीकडे ‘लाभ’. आत रकाने : वेळ, जिन्नस, डबा, वजन, शेरा. वजन निळ्या पेनानं, शेरा लाल पेनानं. दोन्ही पेनं सदऱ्याच्या खिशाला. लाल पेनाची शाई निळ्याच्या आधी संपते, यावरून काय ते समजावं.

या वहीवरून घरात दरवर्षी दिवाळीत एकदा जुंपते. लक्ष्मीपूजनाला काका चौरंगावर दोन वह्या ठेवतात, एक जमाखर्चाची आणि एक ही. पहिल्या वर्षी मावशीनं ती उचलून बाजूला ठेवली. म्हणाली, “खरकट्याची वही लक्ष्मीपुढे? काही सोवळं-ओवळं?” काकांनी ती शांतपणे परत चौरंगावर ठेवली आणि म्हणाले, “अगं, ती कुठल्या दारानं बाहेर जाते ते हिच्यातच लिहिलंय. तिच्यापुढे नको तर कुणापुढे ठेवू?” यावर मावशीला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ती त्या वहीला हळद-कुंकू वाहते, पण चमच्यानं.

काकांचं आवडतं वाक्य एकच. आचारी वाढप्यावर ओरडतो, वाढपी भांडी घासणाऱ्या बाईवर, सुपरवायझर सगळ्यांवर, आणि या गदारोळात काका वही काखोटीला मारून येतात आणि म्हणतात, “चिडू नका, लिहा.” भात करपला, चिडू नका, लिहा. दोनशे चपात्या उरल्या, चिडू नका, लिहा. एकदा निगडीच्या चौकात कुणीतरी त्यांच्या स्कूटरला मागून ठोकलं. मी मागे बसलो होतो. काका उतरले, दिवा फुटला होता तो बघितला, खिशाकडे हात नेला. मला वाटलं, आता इथंही रकाना आखतात की काय.

त्यांच्या आधीच्या कंत्राटदारानं जेवणघरात अन्न वाया घालवू नका अशा सुविचारांच्या पाट्या लावल्या होत्या आणि ताटात टाकलं तर दंडही ठेवला होता. काकांनी आल्या आल्या दोन्ही काढून टाकलं. पाटी वाचून कुणी भात संपवला असा एक माणूस दाखव, म्हणाले. आणि दंडाचं म्हणणं असं, की दंडानं उष्टं कमी होत नाही, लपतं. मग ते हात धुवायच्या बेसिनमध्ये सापडतं, खिडकीबाहेर सापडतं, कागदी रुमालात गुंडाळून टेबलाखाली सापडतं, आणि काट्यावर येतच नाही. काकांच्या लेखी हाच खरा गुन्हा. कुणी टाकलं हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. काय टाकलं आणि किती वाजता टाकलं, एवढंच.

भाताच्या डावाची गोष्ट ते कुणालाही सांगतात. मला तर सणासुदीला ऐकावी लागते, पण गोष्ट चांगली आहे. उष्ट्याच्या डब्यात सगळ्यांत जड काय असतं तर भात. हे वहीत दिसत होतं. का, ते दिसत नव्हतं. म्हणून काका दोन दिवस काउंटरशी नुसते उभे राहिले. रांग लांब, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, म्हणून वाढपी एक मोठा डाव भरून एकदाच थापत होता. कुणाला हवा, कुणाला नको, विचारायला वेळ कुठं? काकांनी डाव बदलला, धाकटा आणला, आणि वाढप्याला सांगितलं, “दुसऱ्यांदा मागितलं तर हसून वाढ. तोंड वाकडं केलंस तर तो पहिल्यांदाच जास्त मागेल.” झालं! युनियननं गेट मीटिंगला विषय काढला की कंत्राटदारानं भात कापला. काका वही घेऊन गेटवर गेले आणि त्यांनी तिथंच गणित मांडलं. ताटामागं 20 ग्रॅम म्हणजे एक मोठा घास. हजार ताटं म्हणजे 20 किलो भात. तांदूळ शिजून तिप्पट होतो असं धरलं तर जवळजवळ 7 किलो तांदूळ रोज. महिन्याचे 26 दिवस म्हणजे जवळजवळ पावणेदोन क्विंटल. “हा तांदूळ मी आणला, धुतला, 19 किलोच्या सिलिंडरवर शिजवला आणि मग तो उचलून न्यायला गाडीवाल्याला पैसे दिले. एकाच भाताचे दोनदा. मी भात कापत नाही हो, फेऱ्या वाढवतोय. या, हव्या तेवढ्या वेळा या.” माणसं हसली. दुसऱ्यांदा येणारे मोजके निघाले. आणि उष्ट्याच्या डब्यातला भात इतका कमी झाला, की भांडी घासणाऱ्या मावशींनी डबा गळतोय का म्हणून तो उलटा करून बघितला.

मी त्यांना एकदा कौतुकानं सांगितलं की नॉर्वेतल्या काही हॉटेलांत बुफेची बशी थोडी लहान केली, तर टाकलेलं अन्न जवळजवळ 20 टक्क्यांनी कमी झालं. 2013 साली तो अभ्यास छापूनही आला. काका प्रभावित वगैरे झाले नाहीत. “त्यांनी धडा केला होता का?” एवढंच विचारलं. आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच : “तिकडे बशी, इकडे डाव. माणूस तोच.”

चपात्यांचं तसंच. चपात्या सकाळी दहाला लाटून फडक्यात बांधून ठेवायच्या ही पद्धत. वेळेच्या रकान्यात दिसलं की एकच्या आधी चपाती जवळपास परत येत नाही, आणि एकनंतर येते ती फक्त कडांची. मधलं मऊ खाल्लेलं, कडा टाकलेल्या. आता यात माणसांच्या संस्कारांचा काय संबंध? चपाती तीन तासांची झाली होती. दोन हप्त्यांत लाटायच्या ठरलं, तर लाटणाऱ्या बायकांची बसची वेळ आडवी आली, मग त्यावर एक आठवडा वाटाघाटी. जगात कचरा कमी करायचा म्हणजे शेवटी कुणाची तरी बस सांभाळायची असते, हे मला काकांमुळे कळलं.

पण त्या वहीतला खरा ऐवज म्हणजे शेऱ्याचा रकाना. दुपारी जेवणं आटोपल्यावर काका चष्मा कपाळावर चढवून लाल पेन काढतात. मी मागे एकदा पावसात त्यांच्याकडे अडकलो होतो तेव्हा सबंध वही वाचून काढली. कादंबरीपेक्षा बरी होती. ‘वांग्याची भाजी. कुणी हात लावला नाही. वांगी चांगली. आचारी प्रेमात, मीठ दोनदा.’ ‘एकादशी. खिचडीची ताटं चाटूनपुसून. उपवास नसलेलेच जास्त.’ ‘गटारीचा दुसरा दिवस. पोहे उरले, ताक नवालाच संपलं.’ ‘ट्रेनी पोरं ओडिशाची. भाकरी उष्टी, भात कमी पडला. पोरांचा दोष नाही.’ ‘डाळ आंबली, दोन डबे. गरम असताना झाकण ठेवायला मीच सांगितलं होतं.’ महिनाअखेरीला उष्टं घटतं, पगाराच्या आठवड्यात वाढतं. मॅच असली की लोक अर्धं ताट सोडून टीव्हीपाशी पळतात, आणि काकांनी निकालही नोंदवलेला असतो. एका महिन्यात उष्टं सलग वाढत गेलेलं, पदार्थ तेच, आचारी तोच. शेरा : ‘कारण स्वयंपाकघरात नाही.’ पुढच्या पानावर : ‘कंत्राटी पोरांना ब्रेक देणार म्हणतात.’ ही बातमी नोटीस बोर्डावर लागायच्या आधी त्यांच्या काट्यावर लागली होती.

25 मार्च 2020 पासून देशभर सगळं बंद झालं, तेव्हाचीही पानं आहेत. कारखाना बंद, कॅन्टीन बंद, काका निगडीत घरात. पण वहीत रोजची तारीख आहे आणि प्रत्येक रकान्यात शून्य. मी विचारलं, हे कशाला लिहिलंत? म्हणाले, “मोजलं नाही आणि शून्य आलं, यात फरक आहे.” शेऱ्याचा रकाना मात्र त्या पानांवर कोरा आहे.

त्या रकान्यात एक शेरा वारंवार येतो : ‘वरचा मजला’. हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. दुसऱ्या डब्यात, म्हणजे शिजवून उरलेल्यात, मोठा वाटा कुणाचा तर आचाऱ्याचा नव्हे, वरच्या मजल्यावर बसणाऱ्या एचआर आणि प्लॅनिंगवाल्यांचा. ‘ओव्हरटाइम रद्द. साडेअकराला कळवलं. भात चढलेला. कारण : वरचा मजला.’ ‘पालखी आकुर्डीत. निम्मी माणसं तिकडे. वरच्या मजल्याला पालखी दरवर्षी नवीन.’ तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते हे त्या पट्ट्यातल्या लहान पोराला ठाऊक आहे, पण हजेरीच्या अंदाजात ते नसायचं. वर्षअखेरीला काकांनी ‘वरचा मजला’ असे सगळे शेरे वेगळ्या कागदावर उतरवले, पुढे किलो लिहिले आणि तो कागद वर पाठवला. नाव कुणाचंच नाही. वरच्या साहेबांना राग आला, मग हसू आलं, मग रोज सकाळी नऊ वाजता किती माणसं येणार त्याचा आकडा खाली फोनवर यायला लागला. त्या एका फोननं जेवढं अन्न वाचलं तेवढं भाताच्या डावानंही वाचलं नसेल. काका हे मान्य करतात, पण डावाची गोष्ट सांगायला त्यांना जास्त आवडतं. फोनच्या गोष्टीत त्यांना स्वतःला काही करावं लागलं नाही ना.

मग सस्टेनेबिलिटी विभाग आला. सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, आणि त्यात कचरा किती, कुठल्या प्रकारचा, त्याचं पुढे काय झालं हे सगळं मेट्रिक टनांत भरायचं असतं. कारखान्यात त्यासाठी एक हुशार मुलगी नेमली. ती लॅपटॉप घेऊन कॅन्टीनमध्ये आली तेव्हा तिला वाटलं होतं, इथून अंदाजपंचे आकडा मिळेल. काकांनी तिच्यापुढे वह्यांची चळत ठेवली. ती हरखली, आणि मग म्हणाली, “काका, मला फक्त वर्षाची बेरीज द्या, टनात.” काकांचा चेहरा पडला. “मॅडम, 40 किलो टनात लिहिले तर 0.04 होतात. हे वाचून कुणाला लाज वाटणार?” तिनं समजावलं की फॉर्मला शेऱ्याचा रकाना नाही. काकांनी बेरीज दिली. शिवाय शेऱ्यांच्या झेरॉक्स जोडल्या. आता तिचं आणि त्यांचं इतकं जमतं की ती त्यांच्या वहीचे तक्ते करून देते आणि ते तिला जेवणात मीठ कमी का खावं ते सांगतात. मॅडमची ‘बाळ’ कधी झाली ते दोघांनाही आठवत नाही.

तिनंच त्यांना कंपनीच्या लीन मॅन्युफॅक्चरिंगच्या वर्गाला बसवलं. टोयोटाचे ताइची ओनो यांनी कारखान्यातल्या नासाडीचे सात प्रकार सांगितले आणि त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं हा सगळ्यांत वाईट मानला, हे ऐकून काका खुर्चीतून अर्धे उठले. संध्याकाळी मला फोन. “अरे, या ओनोंनी कधीतरी खानावळ चालवलेली असणार!” खानावळ नाही, पण अमेरिकेतल्या सुपरमार्केटात फळीवरचं जेवढं उचललं जातं तेवढंच पुन्हा भरतात, यावरून त्यांनी आपली पद्धत बसवली, असं मी सांगितलं. काकांना ते खानावळीच्या पुरेसं जवळचं वाटलं.

त्यांना न पटलेली आधुनिक गोष्ट एकच, ती म्हणजे कॅमेऱ्याचा डबा. लंडनची विनो नावाची एक कंपनी आहे, 2013 साली सुरू झालेली. तिच्या यंत्रात डबा काट्यावर असतो, वर कॅमेरा असतो, आणि काय टाकलं, किती टाकलं, त्याची किंमत किती हे यंत्र आपणच ओळखून नोंदवतं. त्या मुलीनं व्हिडिओ दाखवला. काकांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, “याला वास येतो का?” नाही म्हटल्यावर, “मग डाळ आंबली म्हणून टाकली का उरली म्हणून टाकली, हे हा कसं सांगणार?” प्रश्न रास्त होता. पण मला त्या यंत्राचीही बाजू दिसते. काका रोज लिहितात. काकांची जागा घेणारा लिहीलच कशावरून? आणि अशी मोजदाद पैशांतही परवडते. 2017 साली 17 देशांतल्या जवळजवळ 1,200 ठिकाणांचा हिशेब प्रसिद्ध झाला होता : अन्नाची नासाडी रोखायला घातलेल्या एका डॉलरमागं निम्म्या ठिकाणी 14 किंवा त्याहून जास्त डॉलर परत आले. काकांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी धड्याबद्दल विचारलं नाही. फक्त म्हणाले, “हे जरा माझ्या बँकेच्या मॅनेजरला सांग.”

कॅन्टीनच्या बाहेर मात्र या माणसाबरोबर वावरणं अवघड. लग्नाला गेले की वधूवरांना भेटायच्या आधी ते उष्टी ताटं ठेवायच्या टबाशी जातात. “गुलाबजाम राहतायत,” परत येऊन माझ्या कानात सांगतात, “पाकात वेलची जास्त.” एकदा यजमानांना वाटलं, हे केटररचे मुकादम, त्यांनी काकांना पाण्याचे जार संपल्याचं सांगितलं, आणि काकांनी ते आणवलेही. हॉटेलात माझा मुलगा अर्धा डोसा सोडून उठला, तर काकांनी त्याला एका शब्दानं टोकलं नाही. नुसतं त्या अर्ध्या डोशाकडे अशा नजरेनं बघितलं की पोरानं परत बसून तो संपवला. मी त्याला म्हटलं, रागावले नाहीत रे ते. तो म्हणाला, “बाबा, ते वजन करत होते.”

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के घरांतून. भारतात घरगुती नासाडी माणशी वर्षाला 55 किलोच्या आसपास. हे मी त्यांच्या घरी जेवताना बोललो, ही वेळ चुकीची होती. मावशी ताडकन म्हणाली, “55 किलो? माझ्या घरातून?” काकांचे डोळे लकाकले. “मोजू या का?” मावशीनं तिथल्या तिथे बजावलं की ज्या दिवशी काटा या स्वयंपाकघरात येईल त्या दिवशी ती माहेरी जाईल. माहेर म्हणजे आता आमचं घर असल्यानं मीही काट्याला विरोध केला.

कारखान्यात अलीकडे एक नवंच संकट उभं राहिलंय. 2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्याला मोठा उत्पादक धरलं होतं आणि ओल्या कचऱ्याची सोय होईल तिथवर आपल्याच आवारात लावायला सांगितलं होतं. कंपनीनं बायोगॅसचा प्लांट बसवायचं ठरवलं. काका खूश. शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा छोटा प्लांट पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं केला आणि 2006 साली त्याला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, हे ते घरच्या पुरस्कारासारखं सांगतात. प्लांट किती मोठा हवा, हे काकांच्याच जुन्या वह्यांवरून ठरलं. पण तो बसेपर्यंत डाव लहान झाला होता, चपात्या दोन हप्त्यांत व्हायला लागल्या होत्या आणि वरचा मजला रोज नऊला फोन करत होता. प्लांट सुरू झाला आणि महिन्याभरात तिथला इंजिनिअर कॅन्टीनमध्ये तक्रार घेऊन आला : “काका, प्लांट उपाशी राहतोय. थोडं जास्त टाका ना!”

काकांचा कुणी आयुष्यात इतका अपमान केला नव्हता. “तुझ्या गॅससाठी मी भात शिजवून तुझ्या टाकीत घालू? गॅस जाळून गॅस करू?” दोन दिवस त्यांनी त्या इंजिनिअरला चहा पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला : शेजारच्या कारखान्याच्या कॅन्टीनचं खरकटं इकडे आणायचं. आता रोज दुपारी शेजारचा टेम्पो येतो आणि काका त्यांचे डबे आपल्या काट्यावर घेतात. त्यांचाही आता एक स्वतंत्र भाग आहे वहीत. त्या कॅन्टीनमध्ये काकांनी पाऊल ठेवलेलं नाही, पण तिथला आचारी बदलला हे त्यांना त्याच दिवशी कळलं, आणि परवा मला म्हणाले, “त्यांच्याकडे गुरुवारी काहीतरी गडबड असते रे. पुलाव अख्खाच्या अख्खा येतो.” सांगावं की सांगू नये, या विचारात ते सध्या आहेत. शेजारच्याला सांगितलं तर प्लांट परत उपाशी.

एवढ्या माणसात एक खोट आहे, आणि ती मावशीला लग्नापासून माहीत आहे. घरी पाहुणा जेवायला आला की काकांना आग्रह आवरत नाही. होळीला आम्ही सगळे निगडीला होतो. तीन पुरणपोळ्या झाल्यावर मी ताटावर आडवा हात धरला. काकांनी हाताखालून चौथी सरकवली, वर तुपाची धार. “आपल्या घरी लाजायचं नाही.” मी लाजत नव्हतो, भरलो होतो. “अर्धी तरी!” म्हणत त्यांनी माझ्या बायकोच्या ताटात अख्खी वाढली. मुलाला कटाची आमटी तिसऱ्यांदा. हजार माणसांचा भात ग्रॅमवर आणणारा हा गृहस्थ स्वतःच्या चार माणसांपुढे परात घेऊन उभा होता, आणि तोंडानं म्हणत होता, कमी पडलं असं नको व्हायला.

ताटं उचलली तेव्हा माझी अर्धी पोळी तशीच होती, बायकोची पाऊण. मावशीनं काही न बोलता खुंटीवरची काकांची पिशवी काढली, लाल वही उघडली, लाल पेन घेतलं आणि ओट्यावरच लिहिलं : ‘होळी. पुरणपोळी सव्वा. कारण : आग्रह.’ काकांनी चष्मा लावून ते वाचलं. बराच वेळ वाचलं. मग निळं पेन काढलं आणि म्हणाले, “वजन नाही लिहिलंस. आणि डबाही नाही. ताटात गेलेलं आहे, म्हणजे उष्टा.”

“ताटात गेलं नाही,” मावशी म्हणाली, “घातलं.”

यावर दोघांचं अजून ठरलेलं नाही. त्या ओळीपुढे डब्याचा रकाना रिकामा आहे.